पोतनीस बाईंना आलेली किळस

डॉ. इंदुमती पोतनीस यांचं नाक जन्मतःच जरा वर उचललेलं होतं. त्यामुळे त्या खुशीत असल्या तरी आसपास काहीतरी कुजलंय आणि ते फक्त त्यांनाच कळलंय, असं समोरच्याला वाटायचं. तशा खुशीत त्या फारशा नसायच्याही. बडोद्याच्या आमच्या मेडिकल कॉलेजात त्या शरीरक्रियाशास्त्र शिकवत. आधी मी त्यांचा विद्यार्थी होतो, पुढे त्यांच्याच हाताखाली ट्यूटर झालो. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून "शी" हा एकच उद्गार इतक्या तऱ्हांनी ऐकला, की भिंतीपलीकडून ऐकूनही समोर काय आहे ते मला सांगता आलं असतं.

त्यांना किळस येणाऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या. बशीत चहा ओतून फुरके मारणारे. आमटीत गूळ घालून वर "बाई, चाखून तर पाहा" म्हणणाऱ्या शेजारणी. जिन्याच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्या. नुकत्याच घरोघरी आलेल्या केबलवरची गाणी. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ओके" म्हणणारी मुलं. यात न्याय-अन्याय त्या बघत नसत. एकदा नखांना रंग लावून आलेल्या एका मुलीला त्यांनी प्रॅक्टिकलमधून बाहेर काढलं. ती बाहेर बाकावर बसून रडत राहिली. मी मध्ये पडायला गेलो तर म्हणाल्या, "रडू दे. रंग उतरेल." हे मला तेव्हाही आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही.

पण शरीराची त्यांना कधी किळस आली नाही. बेडकाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला दरवर्षी कोणीतरी ओकायचंच. बाकीची मुलं नाक धरून मागे सरकायची. बाई फडकं घेऊन स्वतः फरशी पुसायच्या आणि ओकणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवायच्या. "शरीर आपलं काम करतं, त्यात लाज कसली? माणूस आपलं काम करत नाही, त्याची लाज वाटू दे."

त्यांचा सगळ्यात आवडता धडा स्नायूंचा. त्या दिवशी त्या घरून चरख्याची एक जुनी चाती आणायच्या. तिच्या पोटाला बारीक तार गुंडाळलेली असायची.

"बघा हिच्याकडे," त्या म्हणायच्या. "मध्ये फुगीर, टोकांना निमुळती. तुमच्या प्रत्येक स्नायूच्या आत अशा चात्या आहेत. पुस्तकात मसल स्पिंडल लिहिलंय ना, त्याच या. फार बारीक. त्यांच्या पोटाला मज्जातंतूचं टोक असं वेटोळं घालून बसलेलं असतं. स्नायू ताणला की चाती ताणली जाते, वेटोळी फाकतात, आणि तंतू आत खबर पाठवतो. हळू ताणलात तर सावकाश पाठवतो, हिसका दिलात तर बोंब मारतो. हात कुठे आहे, किती वाकलाय, किती वेगानं हलतोय, हे मेंदूला मुख्यतः तिच्याकडून कळतं. अंधारात तुमचा घास तोंडातच जातो, कानात जात नाही. कोणाच्या कृपेनं? तुम्ही तिचं कधी नाव तरी काढलंत? शी, काय कृतघ्न जात आहे आपली."

मग त्या एखाद्याला टेबलावर बसवून गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारायच्या. पाय उडायचा, वर्ग हसायचा.

"हातोडीनं मांडीचा स्नायू किंचित ताणला. चाती ओरडली. निरोप पाठीच्या कण्यात गेला आणि तिथूनच परत आला, 'आवळ' म्हणून. पाय उडाला. यात याचं मत कोणी विचारलं नाही. रोगी खोटं बोलेल, नातेवाईक बोलतील, तुम्ही तर डॉक्टर होणार, तुम्ही बोलालच. गुडघ्याला विचारा."

निमेष पारेख याच वर्गात बसायचा. छान उंचापुरा गुजराती मुलगा, तल्लख. पुस्तक न उघडता तो रोग्याच्या पायावर हात ठेवून सांगायचा, इथे बिघाड आहे. बाईंनी कोणाची स्तुती केलेली मी एकदाच ऐकली, ती त्याची. म्हणाल्या, "या मुलाच्या हाताला अक्कल आहे."

नव्वदीनंतर शहर बदलायला लागलं. अलकापुरीत काचेची दुकानं आली, आणि एका काचेच्या दुकानात निमेषनं वजन उतरवण्याचं केंद्र उघडलं. उद्घाटनाला त्यानं बाईंना बोलावलं. मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. आत गार हवा, सुगंधी फवारे, भिंतीवर बारीक कमरेच्या परदेशी बायांचे फोटो. एका रांगेत थरथरणाऱ्या पट्ट्यांची यंत्रं होती. पट्टा कमरेला लावायचा, बटण दाबायचं, की सगळं अंग हलायचं. पाच-सहा बायका हौसेनं वाट बघत उभ्या होत्या.

"हे काय करतं?" बाईंनी विचारलं.

"फॅट तोडतं, मॅडम," निमेष हसत म्हणाला.

बाईंनी दिवा लावला, फीत कापली आणि मग सगळ्यांदेखत हातात घ्यायचं एक मालिशचं यंत्र उचललं. रांगेतल्या एका बाईंना खुर्चीत बसवून डोळे मिटायला सांगितले. त्यांचा उजवा हात कोपरात वाकवून तसाच धरला आणि कोपराच्या जरा वर, आतल्या बाजूला ते यंत्र लावून चालू केलं.

"आता हा हात किती वाकलाय ते डाव्या हातानं दाखवा."

त्या बाईंनी डावा हात जवळजवळ सरळ करून दाखवला. डोळे उघडून पाहतात तर उजवा होता तसाच वाकलेला. सगळ्या हसल्या.

"पाहिलंत? थरथरीनं स्नायूतली चाती फसली. तिला वाटलं स्नायू ताणला जातोय, म्हणून तिनं हात सरळ होतोय अशी खबर दिली. हा पट्टा तेवढंच करतो. चरबीला यातलं काही कळत नाही. ती आहे तिथे आरामात बसलेली असते."

रांगेतल्या दोघी तिथून तशाच घरी गेल्या. निमेष तरीही हसतच होता. "मॅडम, तमे तो मारी दुकान बंध करावशो," एवढंच म्हणाला. बाई पाणीही न पिता बाहेर पडल्या. स्कूटरवर माझ्या मागे बसून घरापर्यंत एकच चाललेलं. "माहीत आहे रे त्याला. सगळं माहीत आहे. शी."

यानंतर दोनेक वर्षांनी सोनवणेंचं प्रकरण घडलं.

लता सोनवणे बाईंकडे धुण्याभांड्याला यायची. नवरा प्रकाश नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात कामाला. दोघं जळगावकडची, छाणीला खोली घेऊन राहत. एका रविवारी मी बाईंकडे पेपर तपासायला बसलो होतो, तेव्हा लता नवऱ्याला घेऊन आली. फाटकापासून ओटीपर्यंत तो नजर जमिनीवर रोवून, पाय फाकवून, एकेक पाऊल आपटत आला. दारुड्यासारखाच.

"बाई, यांना दारू पितो म्हणून कामावरून काढायला निघालेत," लता म्हणाली. "पोलिसात देऊ म्हणतात. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, यांनी थेंब नाही घेतला कधी."

गुजरातेत दारूबंदी. इथे दारुडा ठरलं की नोकरी जाते, वर पोलीस मागे लागतात.

"पडतोस कुठे?" बाईंनी त्याला विचारलं.

"अंघोळीला, बाई. डोक्यावर तांब्या घेतला, डोळे मिटले, की पडतो. तोंड धुतानाही. लाइट गेली तर जागचं हलता येत नाही."

"आणि कप सुटतो हातातून," लता मध्येच म्हणाली. "बघत असले तर धरतात. बोलायला मान वळवली की कप खाली. सदऱ्याच्या गुंड्या मीच लावते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हात दाखव."

त्यानं हात पुढे केले. तळवे घामानं निथळत होते आणि कातडीचे पापुद्रे सुटून लोंबत होते. खाली लाल, ओलसर मांस दिसत होतं. आंबूस वास येत होता. मी नकळत खुर्ची मागे सरकवली. बाईंनी ते दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले.

"काम काय करतोस?"

"पोत्यातली पांढरी भुकटी टाकीत ओततो. पाण्यात विरघळवायची असते."

"हातमोजे?"

"फाटले. मागितले की उद्या देऊ म्हणतात."

त्यांनी त्याला डोळे मिटायला लावून पायाचा अंगठा वर-खाली केला आणि विचारलं, वर आहे की खाली? त्याला सांगता येईना. अंदाजानं "वर" म्हणायचा, अंगठा खाली असायचा. मग हातोडी आणून गुडघ्यावर मारली. पाय हलला नाही. टाचेमागे मारली. काही नाही. त्यांनी मला मारायला लावली. तरी नाही.

"चाती असेल शाबूत," त्या मला म्हणाल्या, "पण तिची खबर नेणारा तंतू जळत आलाय. याचं अंग कुठे आहे ते याला आतून कळतच नाही. डोळ्यांनी बघून बघून चालतोय बिचारा." मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "उद्यापासून त्या भुकटीजवळ जायचं नाही. मेलास तरी नाही."

"पण पारेख साहेबांनी दारू म्हणून सांगितलंय वर," तो म्हणाला.

"कोण पारेख?"

"कंपनीचे डॉक्टर. आठवड्याला येतात. अलकापुरीत त्यांचं मोठं सेंटर आहे."

बाईंचं नाक अजून वर गेलं.

निमेष दुसऱ्याच संध्याकाळी आला. बाईंनी फोन केला होता. पांढरी गाडी, हातात पेढ्यांचा खोका. मी तिथेच होतो. वेताच्या खुर्चीत आरामात रेलून त्यानं माझीही विचारपूस केली, "केम छो, कर्णिक?" म्हणून. बाईंनी चहा विचारला नाही.

"सोनवणेला तपासलंस?"

"हो मॅडम."

"गुडघा पाहिलास?"

"पाहिला."

"उडाला?"

त्यानं खोक्याची दोरी सरळ केली. "नाही उडाला."

"टाच?"

"नाही मॅडम."

"म्हणजे तुला कळलं होतं."

"मॅडम, त्या शेडमधले आधी आणखी दोघं असेच झाले होते. मी लिहून दिलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसरा डॉक्टर आणला असता. माणूस तर तरीही कामावरून गेलाच असता. तुम्ही जरा प्रॅक्टिकल होऊन बघा ना."

"दारूचं कोणाच्या डोक्यातून निघालं? मालकाच्या की तुझ्या?"

त्यानं खोका बाजूला ठेवला. मग अगदी साध्या आवाजात, परीक्षेत उत्तर द्यावं तसा म्हणाला, "माझ्या. दारू म्हटलं की इथे पुढे कोणी काही विचारत नाही, मॅडम. घरचेही नाहीत."

मला वाटलं आता बाई ओरडतील. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"ऊठ," त्या म्हणाल्या.

"मॅडम, माझं ऐका तर..."

"ऊठ. मला ती खुर्ची धुवायची आहे."

तो गेला. गाडीचा आवाज लांब गेल्यावर बाई मागच्या मोरीत गेल्या आणि ओकल्या. ज्या बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची ओकारी पुसली, त्या मोरीच्या कठड्याला धरून वाकलेल्या मी पाहिल्या. चूळ भरून बाहेर आल्या, बादलीत पाणी आणि फिनेल घेतलं, पदर खोचला आणि ती वेताची खुर्ची अंगणात नेऊन घासघासून धुतली. मी हात लावायला गेलो तर म्हणाल्या, "नको. माझं आहे हे." पेढे उकिरड्यावर गेले.

"मूर्ख असता तर सोडून दिला असता मी त्याला," खुर्ची वाऱ्याच्या बाजूला तोंड करून ठेवत त्या म्हणाल्या. "कुठे हात ठेवायचा ते त्याला मी शिकवलं, कर्णिक. त्यानं बरोबर तिथेच हात ठेवला, सगळं ओळखलं, आणि मग ठरवलं."

लतानं कामगार न्यायालयात दावा लावला. लावला म्हणजे बाईंनी लावायला लावला. कॉलेजातल्या मोठ्या लोकांनी त्यांना हळूच सांगून पाहिलं, निवृत्ती जवळ आली आहे, कशाला या भानगडीत पडता. "शी," एवढंच उत्तर त्यांना मिळालं.

निमेष साक्षीला आला आणि सोनवणेच्या तोंडाला दारूचा वास येत होता असं शपथेवर सांगून गेला. आमच्याकडे पाहिलं नाही. मग बाई उभ्या राहिल्या. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "आपण रोगी तपासत नाही ना? आपण तर बेडूक तपासता."

"हो," बाई म्हणाल्या. "बेडूक बरे. त्यांना वकील नसतात."

न्यायाधीशांनी हसू आवरून पुढे बोला म्हटलं. बाईंनी सोनवणेला मधल्या मोकळ्या जागेत पाय जुळवून उभं केलं. डोळे उघडे होते तोवर तो बऱ्यापैकी स्थिर राहिला. "आता मिट," त्या म्हणाल्या. तो डोलला आणि तोडलेल्या झाडासारखा कोसळला. मी शेजारी तयारच होतो म्हणून डोकं वाचलं.

"नाटक आहे," वकील म्हणाला.

"दारू प्यायलेला डोळे उघडे ठेवूनही झुलतो," बाई म्हणाल्या. "आणि नाटक असेल तर हे बघा." त्यांनी पिशवीतून हातोडी काढली. कोर्टातल्या एका कारकुनाला बाकावर बसवून त्याच्या गुडघ्यावर मारली, त्याचा पाय टणकन उडाला. सोनवणेचा नाही. मग कारकुनाचा हात धरून सोनवणेच्या मांडीवर ठेवला. "पाहा, मांडी आवळून धरली आहे का यानं?"

"ना साहेब, एकदम ढीलुं छे," कारकून न्यायाधीशांना म्हणाला.

निकाल लागायच्या आतच कंपनीनं तडजोड केली. दारूचा आरोप मागे घेतला, भरपाई दिली. भुकटीबद्दल मात्र कुठे चकार शब्द नाही. ती शेड बंद झाली आणि काही महिन्यांत शेजारच्या प्लॉटवर दुसऱ्या नावाची पाटी लागली. तीच पोती, नवी माणसं. आधीच्या त्या दोघांचा बाईंनी खूप शोध घेतला. एक उत्तरेकडे आपल्या गावी निघून गेला होता. दुसऱ्याला घरच्यांनीच दारुडा म्हणून बाहेर काढलं होतं, पुढे तो कुठे गेला ते कळलं नाही. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत.

सोनवणेला त्या रोज सकाळी कमाटीबागेत चालायला न्यायच्या. तंतूंची टोकं हळूहळू परत वाढतात, पण त्यांना कामाला लावावं लागतं, म्हणायच्या. बागेतल्या लोकांना ते दृश्य पाठ झालं होतं. पुढे पाय आपटत चाललेला सोनवणे, मागून बाई. "शी, जमीन फोडतोस काय? पाय ठेव. ठेव म्हणते, आपटू नकोस. मान वर. पायाकडे काय बघतोस, पळून चाललेत का ते?" वर्षभरात त्याची चाल पुष्कळ सुधारली. तळव्यांवर नवी कातडी आली. हातांच्या बोटांची जाण मात्र पुरती परत आली नाही. पुढे तो स्टेशनजवळच्या सायकल स्टँडवर कामाला लागला. जिना उतरताना अजून पायांकडे बघतो. गुंड्या आता स्वतः लावतो.

निमेषचंही बरं चाललं. केंद्राच्या शाखा निघाल्या. मग वाघोडियाच्या बाजूला खासगी मेडिकल कॉलेज उभं राहिलं, त्यात तो विश्वस्त झाला. मान्यतेसाठीच्या तपासणीच्या दिवशी तिथे भाड्यानं आणलेले प्राध्यापक पांढरे कोट घालून बसतात आणि संध्याकाळी बसनं परत जातात, हे सगळ्या गावाला माहीत होतं. बाईंनाही कोणीतरी सांगितलं. त्यांनी फक्त खिडकी लावून घेतली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जुन्या विद्यार्थ्यांच्या एका मेळाव्यात. बाई तेव्हा खूप थकल्या होत्या. गुडघे धरायचे, उठायला दोन्ही हातांचा आधार लागायचा. मुलांना भेटता येईल म्हणून आल्या. निमंत्रणावर निमेषचं नाव नव्हतं. व्यासपीठावर खुर्चीत बसल्यावर त्यांना कळलं, की प्रमुख पाहुणा तोच आहे.

त्याचं भाषण चांगलं झालं. गुरू, संस्कार, माती, सगळं आलं. शेवटी तो बाईंकडे वळला. त्याचे डोळे खरंच भरून आले होते. "आज मी जो काही आहे, तो पोतनीस मॅडममुळे आहे."

टाळ्या वाजल्या. बाईंनी समोरचा माईक ओढून घेतला. "हे खरं असेल," त्या म्हणाल्या, "तर मला फार लाज वाटते."

सभागृहाला तो विनय वाटला. आणखी टाळ्या झाल्या. त्या गडबडीत निमेष वाकला. बाईंनी पाय खुर्चीखाली ओढायला घेतले, पण त्या गुडघ्यांना आता घाई जमत नव्हती. त्याची बोटं अंगठ्याला लागलीच. फोटोवाल्यानं फोटो काढला.

सत्काराची शाल खुर्चीवर तशीच टाकून बाई मागच्या दारानं उतरल्या. मी रिक्षा बोलावली, त्यांना हात देऊन आत बसवलं. बरोबर येऊ का विचारलं, तर मान हलवून नको म्हणाल्या. पाण्याची बाटली तेवढी मागितली. रिक्षा सुरू झाली तेव्हा त्यांनी पदराचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवलं होतं, आणि रिक्षा फाटकातून वळेपर्यंत त्या वाकून, कष्टानं, पायाचा अंगठा पुसत होत्या.